बसऱ्याच्या बागेतलं स्वगत

"प्रेमाला देश नसतो, वय नसतं आणि मरण तर नसतंच नसतं!"

हे वाक्य मी नाटकाच्या पहिल्या पानावर लिहिलं, दोनदा वाचलं आणि मला स्वतःविषयी फार आदर वाटला. मग जळकोटच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. सभागृह स्तब्ध झालं. सभागृह म्हणजे संघाची पत्र्याची खोली. शेवटी अध्यक्ष हणमंतराव घसा खाकरून म्हणाले, "मरण नसतं ते ठीक हाय भाऊ. पण मध्यंतर कधी हाय? आपल्यातल्या निम्म्यांना शुगर हाय. प्रेम लांबलं तर शहजादाच उठून जाईल."

मध्यंतर अलीकडं आणलं. प्रेम होतं तिथंच राहिलं.

जळकोटात अरबस्तान कुठून आलं, असं कुणालाही वाटेल. आदल्या वर्षी संघानं ऐतिहासिक नाटक केलं होतं. त्यानंतर महिनाभर निरनिराळ्या लोकांच्या भावना दुखावत होत्या. एका निवेदनात तर घोड्याच्या रंगाला हरकत घेतली होती. त्याच्या आधी सामाजिक नाटक केलं, तर त्यातला दारुडा आपल्यावरूनच घेतला असा गावातल्या चौघांचा दावा होता आणि मान कुणाचा यावरून ते आपसांत भांडले. तेव्हा हणमंतरावांनीच तोडगा काढला. "बसऱ्यात आपलं कुणाचं सोयरं न्हाई. तिथं काय का होईना."

भाषेचीही अडचण नव्हती. फर्मान, दरबार, इनाम, हुकूम, मुनादी हे सगळे शब्द निजामाच्या वेळेपासून आमच्याकडं वस्तीला आहेत. तहसील कचेरीत एक चक्कर मारली की अर्धा अंक आपोआप लिहून होतो. नांदेडच्या एका दैनिकात मी उभी हयात दर रविवारी लोकांच्या टोप्या उडवत होतो. निवृत्त होऊन जळकोटला आलो, तर त्या टोप्यांखालची डोकी संघाची सभासद निघाली. त्यांनी शिक्षा म्हणून मला नाटककार केलं.

नाटकाचं नाव 'संगीत बसऱ्याचा पखालवाला'. शहजादीला शहजाद्याची मागणी येते, ती नाक मुरडते. मग शहजादा दाढी लावून, खांद्यावर कातडी पखाल घेऊन, पाणीवाला होऊन तिच्या बागेत येतो, आणि ती त्याच्यावर भाळते. असं का, हे आमच्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नाही. लातूर जिल्ह्यात पाणी घेऊन येणाऱ्यावर कुणीही भाळतं.

असल्या नाटकांचे कायदे असतात आणि ते सरकारी कायद्यांपेक्षा जास्त पाळले जातात. दाढी लावली की शहजाद्याला सख्खी आई ओळखत नाही. दाढी काढली की आंधळा फकीरही ओळखतो. जल्लादानं तलवार उचलल्यावर नायकाला गाणं सुचलं तर तलवार वरच थांबते, गाणं संपेपर्यंत हात खाली आणायचा नाही, आणि वन्समोअर आला तर नाहीच नाही. आमच्या जल्लादाचा खांदा आखडलेला होता म्हणून एक अंतरा कमी करावा लागला. लेखकाला पुढचं सुचेनासं झालं की सुलतान प्रवेश करतो. उंट एकदा तरी दिसलाच पाहिजे, नाहीतर हे अरबस्तान आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या उंटात पुढं बजरंग होता आणि मागं निवृत्ती. दोघांची शेतं शेजारी, बोलणं बंद. एका कातड्यात घातल्यावर बोलावंच लागलं.

आणि स्वगत. स्वगत म्हणजे पात्रानं दोन पावलं पुढं यायचं आणि मनातल्या मनात इतक्या मोठ्यानं बोलायचं, की शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जावं. शेजारी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. त्यानं तेवढा वेळ चंद्राकडं बघायचं.

हे हणमंतरावांना काही केल्या पटेना. ते सुलतान होते. एका तालमीत शहजाद्यानं पुढं येऊन स्वगत सुरू केलं, "हा सुलतान किती मूर्ख आहे!"

"कोण मूर्ख?" सुलतान सिंहासनावरून उठला. "आप्पा, तोंड सांभाळून हां."

"अध्यक्ष, हे स्वगत हाय."

"मग तुझ्या घरी जाऊन बोल की स्वगत! माझ्या तोंडासमोर उभा राहून मला मूर्ख म्हणून राहिला, वर ऐकू नका म्हणतो!"

तेवढ्यात टेबलावर डस्टर आपटलं. शहजादीनं आपटलं होतं. चांगुणाबाई आमच्या शहजादी. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण डस्टर त्यांनी सोबत आणलं होतं.

"हणमंतराव, स्वगत शेजारच्याला ऐकू येत नसतं."

"बाई, मला कमी ऐकू येतं, पण एवढं कमी न्हाई."

"येत नसतं म्हणजे येत नसतं. ज्याला उद्देशून बोललं, त्यानंच उत्तर द्यायचं. दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. सातवीच्या पोराला कळतं हे."

हणमंतरावांची तिन्ही पोरं बाईंच्या हाताखालून गेली होती आणि तिघांनाही ते सातवीत कळलेलं नव्हतं. सुलतान गुपचूप सिंहासनावर बसला. त्यानंतर कुणाचंही स्वगत सुरू झालं की बाकीचं सगळं बसरा मान वर करून चंद्राकडं बघू लागे. चंद्र म्हणजे हणमंतरावांच्या घरची परात, चंदेरी कागद लावलेली.

बाईंचा कारभार असा होता. शहजादीचं वय मी वहीत 'सोळा' लिहिलं होतं. बाईंनी लाल पेनानं ते खोडून 'योग्य' असं लिहिलं. पेटीवर धम्मानंद होता. तो कोषागारातून निवृत्त झालेला, त्यामुळं सूरसुद्धा तपासून, खात्री करूनच बाहेर सोडायचा. त्याच्याही दोन चाली बाईंनी परत पाठवल्या. एका गोष्टीवर फक्त मी अडून बसलो. शहजादीनं चष्मा लावायचा नाही. बाईंना चष्म्याशिवाय समोर माणूस आहे की खांब, ते कळत नाही. पण कायद्याप्रमाणं शहजादीनं शहजाद्याला ओळखायचंच नव्हतं, तेव्हा उलट सोयच झाली.

आता काढलेला चष्मा ठेवायचा कुठं? शहजादीच्या घागऱ्याला खिसा नव्हता. पखालवाल्याच्या झग्याला मात्र कोपरापर्यंत हात जाईल एवढा खिसा होता. रोज तालीम सुरू होताना बाई चष्मा काढून पखालवाल्याच्या हाती द्यायच्या. "सांभाळा आप्पा, दांडी नाजूक आहे." आणि तो माणूस तालीमभर एक हात खिशावर ठेवून वावरायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काळजावर हात ठेवलाय. वीतभर खाली होता, इतकंच.

हा पखालवाला, म्हणजे शहजादा, म्हणजे ईश्वरप्पा. उदगीरच्या एसटी आगारात वाहतूक नियंत्रक होता. सारा जन्म माइकवर गाड्या पुकारण्यात गेला. गळा गोड, गाणं पक्कं, पण बोलायला लागला की गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं. 'हे प्रिये, तुझ्यावाचून मला करमत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं की प्रिया अर्धा तास उशिरानं सुटणार, असं वाटून प्रेक्षक पिशव्या खाली ठेवत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरगा हैदराबादला. घरात तो आणि रेडिओ.

तालमी रंगात आल्या होत्या तेव्हा बातमी फुटली. बाईंचे यजमान कधीच वारले होते, लेक पुनम नांदेडला असते. ती नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येणार होती, बाईंना कायमचं न्यायला. बाई हो म्हणाल्या होत्या. "लेक इतकं म्हणते तर जाते. इथं राहायला काही कारण तर पाहिजे," असं त्या तालमीच्या मध्येच म्हणाल्या. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. ईश्वरप्पानं त्या दिवशी गाण्यात सूर सोडला. धम्मानंदनं पेटीवर तो परत आणून दिला, तरी त्यानं घेतला नाही.

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्यायला नाही.

"भाऊ, एक काम होतं. लिहिण्याचं हाय."

"बोला."

"बाई चालल्या नांदेडला."

"ऐकलं."

"सकाळी आम्ही फिरायला जातो. तळ्यापर्यंत. त्या बोलून राहतात, मी ऐकून राहतो."

"मग?"

"मग काय! आता एकट्यानं काय ऐकू?"

"मग त्यांना विचारा की सरळ."

"या वयात? आणि कसं विचारू? तोंड उघडलं की निलंगा गाडी लागल्यासारखं होतं." त्यानं बशी खाली ठेवली. "तुमच्या नाटकात मी त्यांच्यावर मरतोच हाय. तिथंच जरा जास्त मरायला जागा करून द्या. पण असं लिहा, की बाईंना समजलं पाहिजे आणि गावाला समजलं न्हाई पाहिजे."

चाळीस वर्षं मी सगळ्या गावाला समजेल पण ज्याच्यावर लिहिलंय त्याला समजणार नाही असं लिहीत आलो. हे उलटं काम होतं. तरी बसलो. दुसऱ्या अंकात, बागेच्या प्रवेशात, शहजाद्याच्या तोंडी एक लांबलचक भाषण घातलं. एवढं लांब भाषण दुसरं पात्र समोर असताना बोलता येत नाही, ते मध्येच जांभई देतं. म्हणून ते स्वगत केलं. त्यात चंद्र होता, बुलबुल होता, डाळिंबाची बाग होती, आणि 'निघून चाललेल्या कारवाँ'विषयी असं काही होतं, की नांदेडचा उल्लेख न करता नांदेड समजावं. ईश्वरप्पानं ते वाचलं. "लई भारी हाय," म्हणाला. "यात माझं कोणतं?"

प्रयोग रविवारी, शाळेच्या मैदानावर, दुपारी चारला ठेवला होता. रात्री नऊनंतर संघाचे सभासद जागे राहत नाहीत, मग पाठ केलेलं कसलं आठवणार. त्यामुळं बसऱ्यातली चांदणी रात्र भर उन्हात उगवली. परातीवर ऊन पडून चंद्र इतका तळपत होता, की पहिल्या रांगेनं टॉवेल डोळ्यांवर घेतले. ऐनवेळी दाढी चिकटवायचा डिंक संपला. बजरंगनं सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन आणून काम भागवलं.

पहिला अंक उत्तम झाला. जल्लादाच्या गाण्याला, म्हणजे जल्लादासमोरच्या गाण्याला, वन्समोअर मिळाला आणि जल्लाद विव्हळला. मध्यंतरात चहा झाला, बिनसाखरेचा वेगळ्या किटलीत. मग बागेचा प्रवेश लागला.

शहजादी कारंज्यापाशी उभी. बाईंनी चष्मा दिलेला, तो झग्याच्या खिशात. ईश्वरप्पा दोन पावलं पुढं आला. बाईंनी कायद्याप्रमाणं तोंड चंद्राकडं वळवलं.

"हे चंद्रा," ईश्वरप्पा म्हणाला. आणि थांबला.

मी विंगेतून पुढचा शब्द दिला, "बुलबुल."

तो चंद्राकडंच बघत राहिला.

"बुलबुल, बुलबुल," मी जरा मोठ्यानं म्हणालो.

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बुलबुल राहू द्या भाऊ."

लोक हसले. ईश्वरप्पानं खिशावरचा हात घट्ट केला, छाती भरून श्वास घेतला आणि त्याचा आगारातला आवाज लागला. त्या आवाजाला माइक लागत नाही.

"सर्वांनी इकडे लक्ष द्यावे. चांगुणाबाई उद्या सकाळी जळकोटहून नांदेडला चालल्या हायत. त्यांनी जाऊ नये अशी माझी इच्छा हाय. डॉक्टरनं मला भरभर चालायला सांगितलं होतं. बाई हळू चालतात, म्हणून मी हळू चालायला लागलो. शुगर वाढली. त्याबद्दल माझी तक्रार न्हाई. मला भाकरी करता येते. कडा फाटतात. रोज सकाळी त्या त्यांच्या घराला कुलूप लावतात, मी माझ्या घराला कुलूप लावतो, मग आम्ही फिरायला जातो. त्यापेक्षा एकाच घराला एकच कुलूप लावावं असं मला वाटतं." थोडं थांबून तो म्हणाला, "घोषणा संपली."

पेटीचा भाता धम्मानंदच्या हातात तसाच उघडा राहिला. रंगमंचाच्या मागून जायचा होता तो उंट मध्येच उभा राहिला. उंटाच्या मागल्या भागातून आवाज आला, "का रे थांबलास?"

पुढचा भाग म्हणाला, "आप्पा खरं बोलून राहिला."

"मग पुढं हो की, मला बी बघू दे."

उंट आडवा होऊन प्रेक्षकांसारखा उभा राहिला. आणि सगळं जळकोट बाईंकडं बघू लागलं.

बाई चंद्राकडं बघत होत्या. उन्हानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यांनी मान हलवली नाही. ईश्वरप्पाचं बोलणं संपल्यावर त्यांनी मोजून दोन श्वास जाऊ दिले आणि आपलं ठरलेलं वाक्य स्पष्ट उच्चारात म्हटलं, "अहाहा! किती शीतल चांदणं पडलंय!"

मला पुढं काय करावं ते सुचेना. कायद्याप्रमाणं अशा वेळी सुलतानाचा प्रवेश असतो. मी काही सांगायच्या आधीच हणमंतराव मुकुट सावरत रंगमंचावर शिरले.

"बाई," सुलतान म्हणाला, "आप्पा तुम्हाला काय म्हणला ते..."

"जहाँपनाह," शहजादी म्हणाली, "इथं तर कुणी काहीच बोललं नाही."

हणमंतरावांनी ईश्वरप्पाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, बाईंच्या हातात डस्टर नाही याची खात्री केली, तरी म्हणाले, "मग ठीक हाय," आणि आल्या वाटेनं परत गेले.

पुढं नाटक पुस्तकाप्रमाणं झालं. शेवटी दाढीसकटच शहजादा-शहजादीचं लग्न लागलं, प्रेक्षकांनी अक्षता म्हणून ज्वारीचे दाणे टाकले, काही जणांनी तर आहेराचं विचारलं. पडदा पडला तसा बायकांनी बाईंना गराडा घातला आणि त्यांच्यातूनच बाई घरी गेल्या. ईश्वरप्पाकडं त्यांनी वळूनही बघितलं नाही. अर्थात बघितलं असतं तरी खांबच दिसला असता.

सकाळी मी ईश्वरप्पाच्या घरी गेलो. दारात झगा घालूनच बसला होता. दाढीही होती.

"काढायची नाही का?"

"निघना. पंक्चरवाल्यालाच बोलवावं लागतंय बहुतेक." मग म्हणाला, "भाऊ, मी तुम्हाला काय लिहा म्हणलो होतो? बाईंना समजलं पाहिजे, गावाला न्हाई. आता दूधवाल्यानं अभिनंदन केलं. टपरीवाला चहाचे पैसे घेईना. आणि बाईंना काहीच न्हाई."

"तुम्ही मी लिहिलेलं बोललातच कुठं?"

"बुलबुल म्हणलो असतो तर ऐकलं असतं का त्यांनी?"

बुलबुलावर माझाही फारसा विश्वास नव्हता. तेवढ्यात त्यानं सवयीनं खिशावर हात ठेवला आणि चमकला. आत हात घालून त्यानं चष्मा बाहेर काढला. रात्रभर तो झगा घालूनच झोपला होता, पण चष्म्याला ओरखडा नव्हता.

"राहिला बघा. कुणाच्या हाती पाठवून देतो."

"आप्पा, बाईंना चष्म्याविना लेकीची गाडी आणि कचऱ्याची गाडी एकच. उठा. स्वतः जा."

तो उठला. मी सोबत निघालो, कारण एवढा मजकूर फुकट सोडून देण्याची मला सवय नाही. झग्यातला दाढीवाला माणूस सकाळी बोळातून चालला म्हटल्यावर दारं उघडायला लागली. कोपऱ्यावर हणमंतराव मिळाले. त्यांना सहज फिरायचं होतं. धम्मानंदलाही नेमकं तिकडंच काम निघालं. बजरंग आणि निवृत्ती एकमेकांशी बोलत आले, हे तर लोकांनी वळून वळून बघितलं.

बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दोन बॅगा, एक पिशवी, आणि पिशवीतून डोकं काढलेलं डस्टर. हातात मोबाइल.

"कोण आहे?" बाईंनी डोळे बारीक केले.

"मी."

"मी कोण?"

ईश्वरप्पाचं धैर्य तिथंच खर्ची पडलं. "पखालवाला," तो म्हणाला.

"आप्पा होय. उभे का? आणि मागं एवढी माणसं कसली?"

"कुणी न्हाई बाई," हणमंतराव म्हणाले, "आम्ही आपलं असंच."

ईश्वरप्पानं घसा साफ केला. "काल मी जे बोललो, त्याचा राग आला असंल तर..."

"काल तुम्ही काय बोललात?"

हणमंतरावांना राहवलं नाही. "काय बोलला? अहो बाई, तळ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं!"

"हणमंतराव, तुम्हाला कुणी विचारलंय?"

"न्हाई बाई."

"वस्तीवर गेलं असेल. मी शेजारी उभी होते. ते स्वगत होतं."

ईश्वरप्पाच्या तोंडाचा आ झाला. दाढी एका बाजूनं थोडी सुटली. "म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू आलं न्हाई?"

"कान चांगले आहेत माझे." बाईंचा आवाज वर्गातला होता, पण तास संपत आल्यावरचा. "आप्पा, मी जन्मभर पोरांना एकच शिकवलं. ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. काल तुम्ही चंद्राला सांगितलं, गावाला सांगितलं, उंटाला सांगितलं. मला कुणी काही विचारलंच नाही. मग मी मध्ये तोंड कशाला घालू? रात्री वाट बघितली. म्हटलं, चष्मा यांच्याकडं राहिलाय, निदान तेवढा द्यायला तरी माणूस येईल. तर तेही नाही. सकाळी उठून बॅगा भरल्या."

ईश्वरप्पानं आमच्याकडं पाठ केली. दोन पावलं पुढं जायच्या ऐवजी तो चांगला पाच-सहा पावलं गेला, अगदी खुर्चीपाशी. छाती भरून श्वास घेतला, तसे आम्ही सगळे सावरून उभे राहिलो. हणमंतरावांनी तर कानाजवळ हात नेला. तो आवाज आता येणार, हे आम्हाला माहीत होतं.

आवाज आलाच नाही. ईश्वरप्पा वाकला आणि काहीतरी बोलला. इतकं हळू, की त्याला इतकं हळू बोलता येतं हे त्याच्या आगारातसुद्धा कुणाला माहीत नसेल. बाईंनी मात्र या वेळी वर चंद्राकडं बघितलं नाही. सरळ त्याच्या दाढीकडं बघत ऐकत राहिल्या.

"काय म्हणला रे?" हणमंतरावांनी मला विचारलं.

"ऐकू आलं नाही."

"निवृत्ती, तुला?"

"न्हाई."

"बजरंग?"

"मला पुढं असून न्हाई आलं, त्याला कुठून येईल?"

बाईंनी बसल्या बसल्या पायानं एक बॅग दाराच्या आत सरकवली. दुसरी सरकवायला ईश्वरप्पा वाकला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, तुमच्या गुडघ्याला झेपायचं नाही." मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"पुनम निघाली असेल. तिला सांगते, ये म्हणावं. जेवायला ये, न्यायला नको." आणि आम्ही सगळे बघत असताना त्यांनी ईश्वरप्पापुढं हात पसरला.

"तेवढा चष्मा द्या की आप्पा. नंबर दिसेना."